पाण्यात आकाश नव्हतं : स्टिरिओ छायाचित्र स्पर्धेतलं एक प्रकरण

हे प्रकरण एका हौशी स्टिरिओ मंडळातलं. स्टिरिओ म्हणजे डाव्या आणि उजव्या डोळ्यासाठी किंचित वेगळी अशी दोन चित्रं; ज्या-त्या डोळ्यानं ज्याचं-त्याचं पाहिलं की दृश्याला खोली येते. नावं, ठिकाण आणि वर्ष काढलं आहे, ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत. मी तेव्हा स्पर्धा समितीचा चिटणीस होतो. पुढे जिथे कामातली ढिलाई दिसेल तिथे ती बहुतेक वेळा माझीच, असं धरून वाचायला हरकत नाही.

पार्श्वभूमी

मंडळाची वार्षिक स्पर्धा स्लाइडच्या काळात सुरू झाली. जुन्या सभासदांकडे स्टिरिओ रिअलिस्ट किंवा त्याच घडणीचे कॅमेरे असत. रिअलिस्ट १९४७ साली बाजारात आला. एकाच पेटीत दोन भिंगं, त्यांच्यात ७० मिलिमीटर अंतर, म्हणजे माणसाच्या दोन डोळ्यांपेक्षा किंचितच जास्त, आणि एक कळ दाबली की दोन्ही शटर एकदम उघडत. फिल्म धुऊन आली की डावी आणि उजवी चौकट कापायची, ॲल्युमिनियमच्या मास्कमध्ये बसवायची, काचेत बंद करायची. खोली कुठून आली, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारत नसे. दोन भिंगांतून आली, आणखी कुठून येणार!

मग डिजिटल आलं. २००९ मध्ये फुजीचा दोन भिंगांचा फाइनपिक्स रिअल थ्रीडी आला, तो काहींनी घेतला. काहींनी एका पट्टीवर दोन कॅमेरे शेजारी-शेजारी बसवले. बाकीचे एकाच कॅमेऱ्यावर 'चा-चा' करत: डाव्या पायावर भार, क्लिक, उजव्या पायावर भार, क्लिक. दोन्ही फोटो स्टिरिओफोटो मेकर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकले की जोडी सरळ होऊन बाहेर. प्रवेशिका डावी-उजवी शेजारी ठेवलेल्या एकाच फाइलच्या रूपात येऊ लागल्या. दोन प्रोजेक्टर, पोलराइज्ड फिल्टर, चंदेरी पडदा आणि प्रेक्षकांना चष्मे, एवढं मात्र जुनंच राहिलं.

नियमावलीही जुनीच राहिली. 'स्लाइड' खोडून 'फाइल' लिहिलं आणि सगळे मोकळे झाले. चित्र कसं तयार झालेलं असावं याबद्दल तिच्यात एकच वाक्य होतं : 'प्रवेशिका स्पर्धकाने स्वतः घेतलेल्या छायाचित्रांतून तयार केलेली असावी.' यातला 'त्रां'वरचा टिंब लक्षात ठेवा. पुढे दोन बैठका त्या टिंबावर गेल्या.

चित्र

पहिलं आलेलं चित्र पहाटेच्या तळ्याचं होतं. अगदी पुढे पाण्यात रोवलेला लाकडी खुंट, त्याला बांधलेला ओला दोर, दोराच्या टोकाला अर्धवट धुक्यात गेलेली होडी. तिच्यामागे झाडांची फिकट रांग, त्यामागे टेकडी, तीही जेमतेम. धुकं थरांत उभं होतं आणि प्रत्येक थर वेगळ्या अंतरावर. स्टिरिओत धुकं असं मिळायला नशीब लागतं. चित्र पडद्यावर आलं तेव्हा सभागृहात खुर्च्यांची करकर थांबली, एवढं सांगितलं तरी पुरे. तिन्ही परीक्षकांनी जवळजवळ पूर्ण गुण दिले.

दुसरा क्रमांक मंडळातल्या सर्वांत जुन्या सभासदांचा आला. त्यांना सगळे काकाच म्हणतात. त्यांचं चित्र फिल्मवरचं होतं, स्कॅन करून पाठवलेलं: उन्मळून पडलेल्या झाडाची मुळं थेट तुमच्या नाकापर्यंत आलेली.

शेवटी विजेती चित्रं पुन्हा दाखवतात. तळं दुसऱ्यांदा पडद्यावर आलं तेव्हा शेजारी बसलेले काका माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पाण्यात आकाश नाहीये रे."

मला वाटलं, कविता करतायत. चष्मा नीट लावून पाहिलं, तर आकाश होतं की! टेकडीही होती, झाडंही होती, सगळी उलटी, सुबक.

"दिसतंय ते रंगांनी," ते म्हणाले. "खोलीनं बघ."

मग दिसलं. खऱ्या जोडीत स्थिर पाण्यातलं प्रतिबिंब पाण्याच्या पृष्ठभागावर नसतं, ते आत असतं. दूरच्या झाडाचं प्रतिबिंब दोन्ही डोळ्यांना झाडाइतकंच दूर लागतं आणि आकाशाचं तर आकाशाइतकं. म्हणून तळ्याच्या खऱ्या स्टिरिओ चित्रात पाण्याला तळच नाही असं वाटतं, वरची पानं-काड्या अधांतरी तरंगतात. या चित्रात पाणी गालिच्यासारखं पुढून मागे अंथरलं होतं आणि झाडं, टेकडी, आकाश त्या गालिच्यावर छापलेलं होतं. लाटांवरची चमकही दोन्ही डोळ्यांना अगदी सारखी होती. खऱ्या पाण्यावर ती डाव्या-उजव्या डोळ्याला थोडी वेगळी दिसते, म्हणून तर पाणी लखलखतं.

एकदा दिसल्यावर ते न दिसणं अशक्य होतं. परीक्षकांनी मात्र चित्र पंधरा-वीस सेकंद पाहिलं होतं आणि ते वेळेचं बंधन आम्हीच घातलेलं होतं.

तक्रार

काकांनी दोन दिवसांनी मेल लिहिली. ती समितीला लिहिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी ती सगळ्या सभासदांना पाठवली. चित्र संगणकानं 'बनवलेलं' आहे, ते छायाचित्रच नाही, स्पर्धा छायाचित्रांची आहे की कार्टूनची, अशा आशयाची. दुसरा क्रमांक त्यांचाच असल्यामुळे या मेलचा वास कुणाला कसा आला असेल ते सांगायला नको. दुपारपर्यंत मंडळाचे दोन तट पडले होते.

चित्रकर्ती मंडळात तशी नवीन, तिशीतली. आम्ही तिला पत्र पाठवलं. माझ्या पहिल्या मसुद्यात 'मूळ जोडीचा पुरावा सादर करावा' असं होतं. एका सदस्येनं 'पुरावा' काढायला लावला ते फार बरं झालं, तरी उरलेलं पत्रही नोटिशीसारखंच वाचलं जात होतं. 'चित्र कसं केलंत ते सांगाल का?' एवढं विचारलं असतं तर भागलं असतं.

तिनं त्याच रात्री उत्तर दिलं आणि काहीही लपवलं नाही. जोडी नाहीच, एकच फोटो आहे. धुकं सरकत होतं, पाणी हलत होतं, तिच्याकडे कॅमेरा एकच. चा-चा केलं असतं तर दोन फोटोंमध्ये धुकं जागचं हललं असतं आणि जोडी डोळ्यांत टोचली असती. म्हणून तिनं त्या एका फोटोवर डेप्थ मॅप हातानं रंगवला. म्हणजे फोटोच्याच मापाचं काळं-पांढरं चित्र, ज्यात जवळचं पांढरं, दूरचं काळं आणि मधलं राखाडी. त्याच्या आधारे सॉफ्टवेअर प्रत्येक बिंदू कमी-जास्त सरकवून दुसऱ्या डोळ्याचं चित्र तयार करतं. खुंट सरकला की त्याच्यामागची जागा उघडी पडते आणि तिथे काय होतं हे कॅमेऱ्यानं पाहिलेलंच नसतं. ती फट तिनं शेजारच्या धुक्याचे तुकडे घेऊन बिंदू-बिंदू भरली. या कामाला तिला तीन आठवड्यांच्या रात्री लागल्या. सोबत तिनं मूळ फोटो, डेप्थ मॅप आणि मधल्या सगळ्या पायऱ्या जोडल्या होत्या.

शेवटची ओळ अशी होती : 'फोटो मी काढलाय, खोली मी काढलीय. यातलं दुसऱ्या कुणाचं काय आहे?'

टिंब

समिती बसली. आता नियमावली उघडायची आणि निकाल लावायचा, इतकं सोपं वाटत होतं. छापील पुस्तिकेत 'छायाचित्रांतून' आहे, म्हणजे अनेकवचन, म्हणजे एकाहून अधिक छायाचित्रं लागतात, म्हणजे हे चित्र बाद. एका सदस्यानं हे मोठ्या समाधानानं वाचून दाखवलं.

चित्रकर्तीनं मात्र पुस्तिका पाहिलीच नव्हती. तिनं ऑनलाइन फॉर्म भरला होता आणि त्या फॉर्मवर 'छायाचित्रातून' होतं. अनुस्वार नाही. एकवचन. स्वतः घेतलेल्या एका छायाचित्रातून तयार केलेली प्रवेशिका, नियमात तंतोतंत बसणारी.

तो फॉर्म मी टाइप केला होता.

मुळात पुस्तिका लिहिणाऱ्यांनी तो टिंब विचार करून दिला होता की सवयीनं, हेही कुणाला सांगता येईना. तो लिहिला गेला तेव्हा एका फोटोतून जोडी करता येते हेच कुणाच्या डोक्यात नव्हतं. टिंबाच्या जोरावर कुणाचं बक्षीस काढून घेणं मला तेव्हाही चोरट्यासारखं वाटलं आणि आजही वाटतं.

कोणते पर्याय होते

बक्षीस काढून घ्यायचं, हा पहिला. तो टिंबापाशी अडखळला. शिवाय तिनं विचारल्याबरोबर सगळं उघड केलं होतं, त्यामुळे 'फसवणूक' हा शब्द वापरायची सोय नव्हती.

काहीच करायचं नाही, चित्र सुंदर आहे ना, मग झालं, हा दुसरा. एका परीक्षकाचं मत असंच होतं : पडद्यावर जे दिसतं त्याला गुण द्यायचे, स्वयंपाकघरात डोकवायचं नाही. मतात तथ्य आहे. पण मग खांद्यावर पट्टी आणि दोन कॅमेरे घेऊन पहाटे डोंगर चढणाऱ्यानं कशाला चढायचं, याला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. प्रतिबिंबाची गोष्ट सांगितल्यावर त्यांनीच कबूल केलं की पडद्यावर जे दिसत होतं तेही त्यांनी नीट पाहिलं नव्हतं.

काकांचा पर्याय तिसरा : संगणक बंद. यावर मात्र चांगला तासभर गेला, आणि तो सत्कारणी लागला.

'संगणक बंद' म्हणजे नेमकं काय बंद?

मी काकांचंच चित्र घेतलं आणि स्लाइडपासून पडद्यापर्यंत त्याच्यावर काय काय झालं ते त्यांनाच विचारून लिहून काढलं. स्कॅन केलं. डावी चौकट उजवीपेक्षा केसभर वर होती, ती खाली आणली. उभा फरक थोडा जरी राहिला तरी एक डोळा वर आणि एक खाली ओढला जाऊन डोकं दुखतं. उजवी किंचित तिरकी होती, ती फिरवली. फिरवली म्हणजे तिच्यातला प्रत्येक बिंदू सॉफ्टवेअरनं नव्यानं मोजून मांडला. मग खिडकी ठरवली: दोन्ही चौकटी आडव्या सरकवून चित्राच्या कडा किती अंतरावर वाटाव्यात हे नेमून द्यायचं, म्हणजे मुळं खिडकीतून बाहेर येतात पण कडेला कापली जात नाहीत. मग धुळीचे ठिपके काढले.

हे सगळं आम्ही स्लाइडच्या काळातही हातानं करत होतो, मास्क सरकवून आणि चंदेरी चिकटपट्टीनं कडा झाकून. स्टिरिओत चित्र जुळवून घेतल्याशिवाय ते पाहताच येत नाही. साध्या फोटोत 'कॅमेऱ्यातून आला तसा' म्हणून मिरवता येतं. जोडीत ती सोय नाही.

यादी संपत आली तेव्हा काका म्हणाले, "आणखी एक लिही. वर कोपऱ्यात विजेची तार होती. ती काढलीय."

बैठकीत कुणी बोललं नाही.

"कशी काढलीत?" मी विचारलं.

"दोन्हीकडून. शेजारचं आकाश घेऊन झाकली. पहिल्यांदा डाव्या-उजव्याला वेगवेगळं झाकलं, तर तिथे एक डाग हवेत लटकायला लागला. मग एकच तुकडा दोन्हीकडे, मोजून, आकाशाच्याच अंतरावर बसवला." मग जरा थांबून, "म्हणजे तेवढ्या तुकड्याची खोली मीच केली म्हणायची."

माणूस भांडखोर आहे, पण असा आहे. आपल्याला पहिल्या क्रमांकावर सरकवू नका, हेही त्यांनी त्याच बैठकीत लेखी दिलं.

चित्रकर्ती त्या बैठकीला निमंत्रित होती. तिनं एक मुद्दा मांडला आणि मंडळातल्या इतिहासप्रेमींची पंचाईत झाली. ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टननं १८३८ साली दोन डोळ्यांच्या दृष्टीवरचा निबंध रॉयल सोसायटीपुढे ठेवला, तेव्हा त्याच्या आरशांच्या यंत्रात छायाचित्रं नव्हती. असणार कुठून, छायाचित्रणाची जाहीर घोषणाच १८३९ची. त्यानं वापरल्या हातानं, भूमितीनं काढलेल्या रेषाकृती. "म्हणजे काका, पहिली स्टिरिओ चित्रं माझ्या बाजूची होती," ती म्हणाली.

यावर दुसऱ्या एकानं फ्रेंच टिश्यू कार्डांची आठवण दिली. १८६०च्या आसपासची ही कार्डं पातळ कागदावर छापलेली, मागून रंगवलेली आणि दिव्यांच्या जागी सुईनं भोकं पाडलेली असत. समोरून उजेड टाकला की साधा काळा-पांढरा देखावा, मागून टाकला की रंगीत आणि दिवे लागलेले. त्यांतली भुतांची मालिका तर मातीचे देखावे उभारून काढलेली. तेव्हा 'शुद्ध' स्टिरिओचा सुवर्णकाळ नेमका कोणता, हे सांगणं अवघड आहे.

"अगं, पण त्या देखाव्याचे फोटो दोन काढले होते," काका म्हणाले. "देखावा खोटा असेल. खोली खरी होती."

माझ्या मते प्रकरण त्या वाक्यावर वळलं. तोवर आम्ही 'संगणक वापरला की नाही' याच्याभोवती फिरत होतो. तार काढणं, रंग वाढवणं, मातीची भुतं उभी करणं हे एका बाजूला, आणि दुसऱ्या डोळ्याचं चित्र कुणी पाहिलं हे दुसऱ्या बाजूला. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि साध्या छायाचित्रणाच्या नियमांत फक्त पहिलाच सापडतो. आम्ही नमुन्यादाखल मोठ्या संस्थांचे नियम चाळले. निसर्ग छायाचित्रांसाठी फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका, फियाप (छायाचित्र संस्थांचा आंतरराष्ट्रीय महासंघ) आणि रॉयल फोटोग्राफिक सोसायटी यांनी मिळून केलेली व्याख्या २०१५पासून लागू आहे. धुळीचे ठिपके आणि फिल्मवरचे ओरखडे काढायला तिची परवानगी आहे, दृश्यातली वस्तू काढायला वा घालायला नाही. काटेकोर व्याख्या आहे, काकांची तार तिनं लगेच पकडली असती. पण तळ्याच्या चित्रात ना काही काढलं होतं, ना घातलं होतं. खुंट, दोर, होडी, धुकं सगळं जागच्या जागी. फक्त खोली नवीन.

व्याख्येचे तीन मसुदे

दोन गट करायचे हे ठरलं. एकात टिपलेली खोली, दुसऱ्यात रचलेली. भांडण उरलं ते रेघ कुठे ओढायची याचं.

पहिला मसुदा : 'दोन भिंगांतून एकाच क्षणी टिपलेली जोडी.' वाचल्याबरोबर सगळे चा-चावाले उठून उभे राहिले. एका कॅमेऱ्यानं पाठोपाठ काढलेल्या जोड्या वगळल्या असत्या तर मंडळ निम्मं झालं असतं.

दुसरा : 'दोन वेगळ्या जागांवरून टिपलेली जोडी.' हा टिकेल असं वाटलं होतं. मग कुणीतरी चंद्राचा विषय काढला. चंद्र पृथ्वीवरून किंचित डुलताना दिसतो, त्यामुळे वेगवेगळ्या रात्री मिळून त्याचा सुमारे ५९ टक्के पृष्ठभाग आपल्याला दिसतो. या डुलण्याचाच फायदा घेऊन ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ वॉरन द ला र्‍यूनं १८५०च्या दशकाच्या अखेरीस चंद्राच्या स्टिरिओ जोड्या केल्या. दुर्बीण एकच, जागा तीच, दोन फोटोंमध्ये बरेच दिवस. डोळ्यांसमोर चंद्र चेंडूसारखा गोल होतो. त्याला 'रचलेली खोली' कसं म्हणणार? सूक्ष्मदर्शकाखाली नमुना तिरका करून घेतलेल्या जोड्यांचंही तेच: कॅमेरा जागचा हलत नाही, वस्तू फिरते.

तिसरा मसुदा, जो टिकला : 'डाव्या आणि उजव्या डोळ्याची प्रतिमा स्वतंत्रपणे टिपलेली असावी. एकीतून मोजून, सरकवून वा रंगवून दुसरी तयार केलेली नसावी.' वेळ, जागा आणि कॅमेऱ्यांची संख्या, तिन्ही गोष्टी वाक्यातून गेल्या. जुळवणी, फिरवणं, खिडकी, रंग, धूळ हे दोन्ही गटांत चालेल असं खाली वेगळं लिहिलं.

मोबाइलचं प्रकरण याच वाक्यानं सुटलं, पण चरफडत. दोन कॅमेऱ्यांचे काही मोबाइल पोर्ट्रेट मोडसाठी खोली खरोखर मोजतात. ती मोजलेली असते, रंगवलेली नसते. पण दुसऱ्या डोळ्याचं चित्र त्या मोजणीवरून तयार करावं लागतं. म्हणून ते रचलेल्यात गेलं. याच्याशी मी पूर्ण सहमत नाही. बहुमत तसं झालं.

एका ओळीच्या वर्णनावरून यंत्रानं आखलेली चित्रं कोणत्याच गटात घ्यायची नाहीत, यावर मात्र पाच मिनिटंही लागली नाहीत. २०२३च्या सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समध्ये बोरिस एल्डाग्सेननं असं चित्र पाठवून, गटात पहिलं येऊन, वर बक्षीस नाकारलं होतं. ते सगळ्यांच्या डोक्यात ताजं होतं.

काय केलं

तळ्याच्या चित्राचं बक्षीस कायम ठेवलं. निकालपत्रात त्याखाली 'एका छायाचित्रावरून रचलेली खोली' अशी ओळ घातली, चित्रकर्तीच्या संमतीनं. वाक्य तिनंच सुचवलं. आधी आम्ही 'संगणकीय' म्हणत होतो. ती म्हणाली, ते तर काकांचंही आहे.

फॉर्मवर दोन प्रश्न आले. दोन्ही डोळ्यांच्या प्रतिमा स्वतंत्रपणे टिपल्या आहेत का? टिपल्यानंतर चित्रातलं काही काढलं वा घातलं आहे का, असल्यास काय? दुसऱ्या उत्तरावरून कुणी बाद होत नाही, ते नुसतं चित्रासोबत जाहीर होतं. अंतिम फेरीतल्यांकडून मूळ फाइली मागवायच्या, तक्रार असो वा नसो, सगळ्यांकडून. परीक्षकांना अंतिम फेरीतली चित्रं आदल्या दिवशी, हवा तितका वेळ. आणि पुस्तिका व फॉर्म एकाच मजकुरातून, टिंबासकट.

निष्पन्न

पुढच्या वर्षी रचलेल्या गटात सहाच चित्रं आली, त्यांतली दोन तिची. गट बंद करा अशी कुजबुज झाली. वर्षभर थांबायचं ठरलं. गट झाल्यावर परीक्षकांना वेगळंच बघावं लागलं: केसांच्या बटा, कुंपणाच्या तारा, काचेमागच्या वस्तू, जिथे एकाच बिंदूवर दोन अंतरं असतात आणि डेप्थ मॅपला एकच राखाडी देता येतो. त्या वर्षी तिनं पाणी दोन थरांत रचलं होतं, वरची पानं वेगळी आणि आतलं आकाश वेगळं. काकांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "आता बुडतंय."

टिपलेल्या गटातलं एक चित्र मूळ फाइली तपासताना अडकलं. सभासद प्रामाणिक होता. सॉफ्टवेअरनं जुळवताना एका चौकटीची रिकामी कड आपोआप भरली होती, त्याला पत्ताच नव्हता. कड कापून चित्र परत घेतलं. तपासणी सगळ्यांची होती म्हणून त्यालाही राग आला नाही.

नुकसान एक झालं. एक जुने सभासद 'दोन गट म्हणजे तडजोड' म्हणून सोडून गेले. ते परत आले नाहीत.

आज करायचं असतं तर

तक्रार आल्यावर पहिल्या तासात सगळ्यांना दोन ओळी पाठवल्या असत्या: चित्रकर्तीशी बोलतोय, तोवर थांबा. आम्ही चार दिवस गप्प राहिलो आणि त्या चार दिवसांत तिच्याबद्दल जे लिहिलं गेलं ते नंतर कुणालाच पुसता आलं नाही. पत्र पाठवण्याऐवजी फोन केला असता. निकाल त्याच रात्री जाहीर न करता आठवड्यानं केला असता. घाई कुणालाच नव्हती, प्रथा होती एवढंच. आणि परीक्षकांत एक तरी असा घेतला असता ज्यानं स्वतः एकदा डेप्थ मॅप रंगवलाय. गालिचा त्यानं पहिल्या फेरीतच ओळखला असता.

गट आधी केले असते तर? खरं सांगायचं तर, हे प्रकरण झालं नसतं तर आम्ही ते 'संगणकीय' आणि 'पारंपरिक' असे केले असते, आणि काकांना तारेपायी संगणकीय गटात बसवलं असतं.

अजून टेबलावर असलेलं

या वर्षी एक जोडी आली आहे. चा-चाची, नदीकाठची. डाव्या फोटोत पाण्यावर एक बगळा उडतोय. उजवा फोटो घेईपर्यंत तो चौकटीबाहेर गेला. सभासदानं डाव्यातला बगळा उचलून उजव्यात ठेवला, पाण्याच्या अंतरावरून मोजून, नीट सरकवून. त्यानं फॉर्मवर हे सगळं लिहिलं आहे. नदी, काठ, झाडं यांची खोली टिपलेली, बगळ्याची रचलेली. पाण्यात बगळ्याचं प्रतिबिंबही आहे, तेही उचललेलं. चित्र कोणत्या गटात घालायचं यावर दोन-दोन मतं पडली आहेत आणि पाचवे सदस्य काका आहेत. त्यांनी मूळ फाइली घरी नेल्या आहेत.